जेनोवाच्या भरल्या भाज्या: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात जेनोवाच्या ‘रिपिएनी’वर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले आणि इटलीत ठिकठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकांची पत्रं येऊ लागली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रिपिएनी म्हणजे भरलेल्या भाज्या. झुकिनी, लहान वांगी, कांदे, सिमला मिरच्या, झुकिनीची फुलं, घरात असेल ते. भाजी कोरून तिचा गर परतायचा, त्यात उकडलेला बटाटा, अंडं, किसलेलं पार्मिज्यानो चीज आणि भरपूर मरवा घालायचा आणि हे सारण त्याच भाजीत भरून ओव्हनमध्ये भाजायचं. मी जेनोवात एकोणीस वर्षं राहते आहे. हा पदार्थ मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवला. खालच्या उत्तरांत त्या सारख्या भेटतील, कारण जे काही मला येतं ते त्यांचंच आहे.

प्रश्न: मावशी, तुमचं वाचून रविवारी झुकिनी भरली. सारण चवीला छान झालं होतं, पण ओव्हनमध्ये सगळं ओघळलं. ट्रेच्या तळाशी पाणी, झुकिनीचा लगदा आणि वरचा पावाचा चुरासुद्धा ओला. मी बटाटे सोलून फोडी करून उकडले, झुकिनीचा गर कच्चाच घेतला आणि सगळं मिक्सरमधून काढलं. कुठे चुकलं? — एक विद्यार्थिनी, तोरिनो

उत्तर: अगं, तू इतकं नीट लिहिलं आहेस की चूक तुझ्या पत्रातच सापडली. तुझ्या सारणात पाणी राहिलं. झुकिनीच्या वजनात शंभरातले ९४-९५ भाग पाणीच असतं. रिपिएनी करायची म्हणजे सारा वेळ त्या पाण्याच्या मागे लागायचं. मसाल्याचं प्रमाण थोडं इकडे तिकडे झालं तरी चालतं, पाण्याचं चालत नाही.

आजी काय करतात ते सांगते. झुकिनी त्या अख्ख्याच उकळत्या खारट पाण्यात सोडतात, पाच-सहा मिनिटं, जेमतेम नरम होईपर्यंत. मग उभ्या चिरून लहान चमच्यानं गर काढतात. भिंत अर्ध्या सेंटीमीटरची तरी राहिली पाहिजे, नाहीतर भाजल्यावर होडी बसते. आत चिमूटभर मीठ भुरभुरवून त्या होड्या सुती फडक्यावर पालथ्या घालतात आणि अर्धा तास विसरून जातात. फडकं उचललं की ते पिळता येईल इतकं ओलं असतं. ते सगळं पाणी तुझ्या ट्रेमध्ये उतरलं होतं.

आता गर. तो सुरीनं बारीक चिरायचा आणि तेलावर लसणाच्या एका पाकळीबरोबर परतायचा. किती वेळ, हे घड्याळावर सांगता येणार नाही, कानावर सांगता येईल. सुरुवातीला कढईत फदफद असा आवाज येतो. पाणी आटत आलं की आवाज बारीक होतो, चुरचुरायला लागतो आणि उलथन्यानं गर बाजूला केला तर कढईचा तळ कोरडा दिसतो. तिथे थांब. घरात सुक्या पोर्चिनी अळंब्या असतील तर १५-२० ग्रॅम कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, घट्ट पिळून, चिरून याच गरात टाक.

बटाट्याच्या बाबतीत तुझ्याकडून दोन गोष्टी झाल्या. सोलून उकडला की फोडी पाणी पितात, म्हणून सालासकट उकडायचा आणि गरम असतानाच सोलायचा. आणि मिक्सर नको. मिक्सरच्या पात्यानं बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि खळ तयार होते. इथल्या प्रत्येक घरात बटाटा दाबायचं एक यंत्र असतं, ‘स्कियाच्चापाताते’. ते नसेल तर काट्यानं कुस्करून घे, थोड्या गुठळ्या राहिल्या तरी बिघडत नाही. सहा मध्यम झुकिनींना साधारण ३०० ग्रॅम बटाटा, दोन अंडी, ६०-७० ग्रॅम किसलेलं पार्मिज्यानो. मीठ अंडं घालण्याआधी चाखून बघ, चीज खारट असतं. अंडी सारण गार झाल्यावरच घाल, गरम सारणात ती तिथेच शिजायला लागतात आणि मग ओव्हनमध्ये सारण धरून ठेवायचं त्यांचं काम राहून जातं.

परीक्षा सोपी आहे. चमचाभर सारण घे आणि चमचा उलटा धर. पडलं नाही तर भर. पडलं तर मैदा घालायचा मोह आवर. दोन चमचे सुका पावाचा चुरा घाल आणि दहा मिनिटं थांब, चुरा उरलेलं पाणी पिऊन घेतो. शिगोशीग भरू नकोस, अंड्यानं सारण फुगतं. वर चुरा, तेलाची धार आणि आजी काट्यानं ओढतात तशा रेघा. त्या रेघांच्या कडा आधी तांबूस होतात, तीच झाल्याची खूण. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं.

एक गोष्ट मागच्या अंकात लिहायची राहिली, आणि त्याची मला रुखरुख आहे. ओव्हनमधून काढल्याबरोबर वाढायच्या नाहीत. पहिल्या वर्षी मी वाफाळता ट्रे घेऊन आजींकडे गेले होते. कौतुकाची वाट बघत उभी होते. त्यांनी काही न बोलता ट्रेवर फडकं टाकलं आणि मला पाव आणायला पाठवलं. बेकरीत रांग होती, परत यायला पाऊण तास लागला. तोवर सारण बसलं होतं, सुरीनं स्वच्छ कापलं जात होतं आणि मरव्याची चव लागत होती. घरून निघताना मी एक तुकडा तोंडात टाकला होता, तेव्हा नुसतं गरम लागलं होतं. कोमट खायच्या, किंवा दुसऱ्या दिवशी.

प्रश्न: आम्ही दोघं शाकाहारी आहोत, अंडी खातो. जेनोवाला आलो की जुन्या बाजारातल्या दुकानांत या भाज्या मांडलेल्या दिसतात. खाव्यात का? घरी करताना काय बघावं? — मिलानो

उत्तर: तुम्ही म्हणता ती दुकानं बहुतेक ‘शामाद्दा’ असावीत. जेनोवाच्या बोलीत या शब्दाचा अर्थ ज्वाळा, भट्टीच्या जाळावरून पडलेलं नाव. फारिनाता म्हणजे काबुली चण्याच्या पिठाचा भाजलेला पोळा, तोर्ता म्हणजे भाजी भरलेला पाय, आणि रिपिएनी तिथे ट्रेमधून विकतात. तिथे ‘दि माग्रो’ असं ऐकलंत तर नुसत्या त्या शब्दावर विसंबू नका. कॅथलिक घरांत शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात मांस वर्ज्य असे, त्या दिवसांच्या स्वयंपाकाचं हे नाव. म्हणजे मांस नाही, पण मासे चालतात. आंचोवी नावाची खारवलेली बारीक मासळी सारणात विरघळून जाते, डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून दोन प्रश्न विचारा: ‘च’ए कार्ने?’ आणि ‘चि सोनो आच्चूगे?’ मांस आहे का, आंचोवी आहेत का. पुष्कळ घरांत सारणात मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, किंवा खिमाही घालतात. आजींच्या घरी तो फक्त रविवारी असायचा, आणि त्यांना स्वतःला बिनमांसाच्याच जास्त आवडतात.

मोठी अडचण मात्र चीजची आहे, आणि ही गोष्ट मला इटलीत येऊनही चार वर्षांनी कळली. पार्मिज्यानो रेज्ज्यानो हे नाव लावायचं तर दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनंच विरजावं लागतं, नियमच तसा आहे. ग्राना पादानो या त्याच्यासारख्याच कडक चीजमध्येही प्राण्यांचंच रेनेट असतं. तुम्हाला ते चालत नसेल तर लेबलवर ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ हे शब्द शोधा. पहिलं वनस्पतीचं, दुसरं सूक्ष्मजीवांपासून केलेलं. नुसतं ‘काल्यो’ लिहिलं असेल तर मी ते प्राण्यांचं आहे असंच धरते. असं एखादं कडक, जुनं केलेलं चीज मिळालं की प्रमाण तेच ठेवा आणि सारणात एक पोर्चिनी जास्त टाका, पार्मिज्यानोच्या चवीची खोली थोडी भरून निघते. तयार भाज्या विकत घेताना चीज कुठलं हे विचारायलाही लाजू नका. उत्तर बहुतेक वेळा ‘पार्मिज्यानो’ असंच येईल, म्हणून तुमच्यासाठी घरी करणंच बरं.

प्रश्न: मरव्याऐवजी ओरेगानो चालेल का? — बोलोन्या

उत्तर: नाही. दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, पण ओरेगानो उग्र आहे, तो सारणाच्या वर चढून बसतो. आपण ज्याला मरवा म्हणतो, गजऱ्यात माळतो, तोच हा ‘माज्जोराना’. जेनोवाच्या बोलीत ‘पेर्सा’. पहिल्यांदा आजींच्या ओट्यावर त्याची जुडी सुटली तेव्हा मी ओटा सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. हा वास मला फक्त केसांत माहीत होता, कढईजवळ कधीच नाही. त्यांना वाटलं, मला आवडला नाही.

ताजाच घ्या. पानं देठावरून ओरबाडून, न चिरता, सारण गार झाल्यावर घाला, गरम कढईत त्याचा जीव जातो. सहा झुकिनींना चांगली मूठभर. इथे भाजीवाल्याला ‘बेझान्यिनो’ म्हणतात. शहराला भाजी पुरवणारे मळे बिझान्यो नदीच्या खोऱ्यात होते, त्यावरून हे नाव. आमचा बेझान्यिनो भाजीबरोबर मरव्याच्या चार काड्या तशाच देतो. तुमच्याकडे मिळत नसेल तर रोपवाटिकेतून कुंडी आणा, खिडकीत उन्हात छान वाढते.

प्रश्न: माझी शेजारीण टोमॅटोत तांदूळ भरते. मी केले तर टोमॅटो फुटले आणि तांदूळ मात्र कच्चा राहिला. तांदूळ आधी शिजवून घेऊ का? — रोमा

उत्तर: शिजवू नका. जेनोवाचं शास्त्र इथे बरोबर उलटं होतं. झुकिनीत आम्ही पाणी हाकलतो, रोममधल्या या ‘पोमोदोरी कोल रीझो’त टोमॅटोचं पाणी तांदळाला प्यायला द्यायचं असतं. तांदूळ आधी शिजवलात तर तो टोमॅटोचा राहत नाही.

पिकलेले पण घट्ट, मोठे, गोल टोमॅटो घ्या. वरची टोपी कापा, टाकू नका. आतला गर आणि रस एका भांड्यात काढून कुस्करा, त्यात कच्चा तांदूळ, माणशी नव्हे, टोमॅटोमागे भरून दीड ते दोन चमचे. आर्बोरिओ किंवा ‘रोमा’ याच नावाचा तांदूळ मिळतो, तो चांगला. लसूण, तुळशीच्या जातीचा तो बाझिलिको, तेल, मीठ. आता हे मिश्रण किमान तासभर तसंच ठेवा. तुम्ही बहुतेक लगेच भरलं असणार. तासाभरात तांदूळ फुगतो आणि रस धरून बसतो. मग टोमॅटो पाऊणच भरा, रस वरपर्यंत ओता, टोपी ठेवा. ट्रेमध्ये भोवती बटाट्याच्या फोडी पेरायच्या. टोमॅटोतून जो रस उतू जाईल तो त्या पितात, आणि मला विचाराल तर त्या ट्रेमधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. १८० अंशांवर साधारण एक तास. टोमॅटोची साल सुरकुतते, थोडी चिरतेही. त्याला फुटणं म्हणू नका, तो तसाच दिसतो. उन्हाळ्यात रोमच्या रोस्तिच्चेरियांत, म्हणजे तयार जेवणाच्या दुकानांत, गार झालेले असे टोमॅटो विकायला असतात. एकदा तिथला खाऊन बघा, म्हणजे कुठे पोचायचं आहे ते कळेल.

प्रश्न: कानावेझे भागातल्या सासूबाईंनी कांदे भरले, त्यात आमारेत्ती बिस्किटं आणि बेदाणे घातले होते! वर मांससुद्धा. हे खरोखर करतात की त्यांच्याच घरची आवड? — इव्रेआ

उत्तर: खरोखर करतात, आणि तुमच्या सासूबाई अगदी आपल्या मुलखाचं करत आहेत. पिएमोन्तेत, विशेषतः कानावेझेत, भरल्या कांद्यात आमारेत्तीचा चुरा आणि बेदाणे पडतात. आमारेत्ती म्हणजे साखर, अंड्याचा पांढरा आणि बदाम किंवा जर्दाळूच्या बियांची ती कडवट-गोड बिस्किटं. त्याच मुलखात पीचमध्येसुद्धा आमारेत्ती आणि कोको भरून भाजतात. मलाही पहिला घास विचित्र लागला होता. पण शिजलेला कांदा मुळातच गोड असतो, आणि ती किंचित कडवट बिस्किटं त्या गोडीला आवरतात. त्यांच्याकडून प्रमाण लिहून घ्या. या गोष्टी घरोघरी वेगळ्या असतात आणि लिहिल्या नाहीत तर जातात.

कांदा कसा उघडायचा हेही तुम्ही विचारलं होतं. सोललेल्या कांद्याला एका बाजूनं, वरपासून खालपर्यंत, मध्यापर्यंत पोचेल असा एकच छेद द्या. खारट पाण्यात १५ मिनिटं उकळा. गार झाला की पापुद्रे एकेक करून सुटे होतात. प्रत्येकात सारण ठेवून गुंडाळायचं. आतला अगदी लहान गाभा उरतो तो चिरून सारणात.

प्रश्न: सुट्टीत नीसला गेलो होतो. तिथे हाच पदार्थ फ्रेंच म्हणून वाढला. कुणी कुणाचा घेतला? — जेनोवा

उत्तर: ‘पती फार्सी’ म्हणतात ते. घ्यायचा प्रश्नच नव्हता हो. नीस १८६० मध्ये फ्रान्सकडे गेलं, त्याआधी ते तोरिनोच्या राजांच्या राज्यात होतं, आणि जेनोवाही १८१५ पासून त्याच राज्यात. किनारा एकच, डोंगर एकच. दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्यांवर भाजी पिकवायची, आणि हाताशी असलेल्या भाजीत घरातलं उरलंसुरलं भरायचं. सीमारेषा नंतर आली.

प्रश्न: ताई, मी जेनोवातच शिकते, भाड्याच्या खोलीत ओव्हन नाही. माझ्यासाठी काही मार्ग? — एक वाचक

उत्तर: आहे, आणि चांगला आहे. कांदे किंवा लहान वांगी घे, झुकिनी शेगडीवर लवकर ढासळते. वांगी असतील तर अर्धी करून झुकिनीसारखीच उकड, कोर, पालथी घाल. सारण भरल्यावर भरलेली बाजू पावाच्या चुऱ्यात दाब आणि पसरट तव्यात तेलावर ती बाजू खाली करून ठेव. तीन-चार मिनिटं हात लावू नकोस. कवच धरलं की आपोआप सुटतं, ओढावं लागत नाही. मग उलटी कर, बाजूनं टोमॅटोच्या रसाचा पातळ थर घाल, आच अगदी मंद कर आणि अर्धा तास झाकून ठेव. झाकणाला आतून फडकं बांध, म्हणजे वाफेचं पाणी परत भाजीवर टपकणार नाही आणि तू मेहनतीनं आणलेलं कवच नरम पडणार नाही. फडक्याची टोकं वर घेऊन झाकणावर बांध, खाली जाळाशी लोंबू देऊ नकोस.

तुझं पत्र मी आजींना वाचून दाखवलं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरीही ओव्हन नव्हता. गल्लीतल्या बेकरीत पाव काढून झाला की भट्टी गरम असायची, आणि बायका आपापले ट्रे फडक्यात बांधून तिथे नेऊन देत. दुपारी परत आणायला मुलांना पाठवत. सगळ्यांचे ट्रे सारखेच काळे, सगळ्यांच्या भाज्या त्याच. म्हणून आजींची आई कोपऱ्यातल्या एका कांद्यात लवंग टोचून ठेवायची, म्हणजे मुलीला आपला ट्रे ओळखता यावा.

एकोणीस वर्षं मी त्यांच्या ट्रेमध्ये तो एक लवंगेचा कांदा बघत आले. चवीसाठी असेल असं समजून मीही माझ्या ट्रेमध्ये एक टोचत आले आहे.